निरोप झालेली माणसं

ऑगस्टमध्ये आमच्या चर्चच्या मंडळीने आम्हाला कॅमेरूनला मिशनच्या कामावर परत जाण्यासाठी रीतसर निरोप दिला. पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, बायकांनी वॅफल आणि केक आणले, आमच्या आठ वर्षांच्या सिनेला व्यासपीठावर उभं करून सगळ्यांनी हात हलवले. नोव्हेंबर आला तरी आम्ही आमच्या गावात, ल्युंगदालमध्येच होतो. कॅमेरूनच्या व्हिसाचं भिजत घोंगडं पडलं होतं. दूतावासातला माणूस फोनवर गोड बोलायचा, पण ताकास तूर लागू द्यायचा नाही.

निरोप झालेल्या माणसांनी गावात दिसू नये. दूध घ्यायला गेलं तरी कुणीतरी विचारायचंच, "अगं गुन्वोर, तू अजून इथेच?" मी हसून वेळ मारून न्यायचे. मग मी दूध शेजारच्या गावातून आणायला लागले. प्रार्थनागृहात आमच्या व्हिसासाठी प्रार्थना व्हायची तेव्हा मी नुसते ओठ हलवायचे. आत काहीच नव्हतं. राग नाही, काळजीसुद्धा नाही.

नणंदेच्या तळघरात आम्ही राहत होतो. बॅगा दारातच उभ्या. तोर्लाइव, माझा नवरा, त्या उघडू देत नव्हता. तो तिकडे कॅमेरूनमध्ये बायबल शाळेत शिकवायचा, मी दवाखान्यात सुईण होते. "पुढच्या आठवड्यात निघायचंच आहे," असं म्हणत त्याने सिनेचं इथल्या शाळेत नावही घातलं नाही. तो तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवायचा. बाकी वेळ ती खिडकीत बसायची. तळघराच्या खिडकीतून माणसांचे फक्त बूट दिसतात.

एकदा तिने विचारलं, "आई, आपण लपून बसलोय का?"

त्याच दिवशी मी ठरवलं, जाऊ तेव्हा जाऊ, पण तोवर पोरीला एक जागा हवी आणि एखादी मैत्रीण हवी. मी शाळेत जाऊन तिचं नाव घातलं. आता कोट हवा होता, कारण इथे मधल्या सुट्टीत पाऊस असो की बर्फ, मुलांना बाहेर काढतात. आमचे हिवाळी कपडे ऑगस्टमध्येच मिशनच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात देऊन टाकले होते. तिथे गल्ल्यावर आस्लाउगमावशी होत्या.

"हा तर सिनेचाच," कोट उलटसुलट करत त्या म्हणाल्या. "तुझाच माल तुला विकायचा, हा बरा धंदा आहे."

"मग सूट द्या."

"सूट कसली, ने गुपचूप. तोर्लाइवला काय सांगशील?"

"थंडी पडली म्हणून."

तोर्लाइवने कोट पाहिला. "म्हणजे तू आशा सोडलीस."

"आशा नाही सोडली. पोरीला कोट आणला आणि शाळेत नाव घातलं."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू पुढचा आठवडा म्हणाला असतास."

तो उठून बॅगांचे पट्टे आवळायला गेला. पण शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी उठून त्यानेच तिच्या डब्यात तपकिरी चीजचा पाव भरला.

शाळेत सिनेला ओदा भेटली. समोरच्या उंच इमारतीतली, अखंड बडबड करणारी. दार सोडून खिडकीतून घरात उतरायची. दोघी पलंगाखाली शिरून खिदळायच्या, आणि मी भांडी घासायचं थांबून ऐकत राहायचे. डिसेंबरात शाळेची संत ल्युसियाच्या सणाची मिरवणूक असते, पांढरे झगे, हातात मेणबत्त्या. दोघींनी एकमेकींशेजारी चालायचं ठरवलं होतं.

आणि व्हिसा आला. तोर्लाइव खुर्चीत बसून रडला. मला काही वाटलं नाही. मी कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. विमान मिरवणुकीच्याच दिवशी पहाटे होतं.

सिनेला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं."

"ओदाला सांगायला हवं. तिला जेवायला बोलावू या."

"नको."

"का गं?"

"सांगितलं की सगळे हात हलवतात. आणि मग आपण इथेच असतो."

"या वेळी खरंच जाणार आहोत."

"मग जाऊ की. सांगायचं कशाला?"

 ओदाच्या आईवडिलांना मी फोन करणार होते, तोही उद्यावर ढकलत राहिले. उद्यावर ढकलायची मला सवयच झाली होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी बॅगेला पट्टा बांधत होते. खिडकीत ओदाचं तोंड आलं.

"उद्या झगा विसरू नकोस हं. आणि केस मोकळे सोडायचे, बाईंनी सांगितलंय. माझ्या बाजूला उभी राहशील ना?"

"हो," सिने म्हणाली.

"नक्की?"

"हो म्हटलं ना."

ती हसलीसुद्धा. दुधाच्या दुकानात मी हसायचे, तशीच. मी पट्टा हातात धरून बसून राहिले. मला दुखलं, कित्येक महिन्यांनी. मी तिला जागा मिळवून दिली होती, आणि ती जागा कशी सोडायची हे ती माझ्याकडूनच शिकली होती. तरी मी तोंड उघडलं नाही. ओदा पळत रस्त्यापलीकडे गेली, सिनेने खिडकीची कडी लावली आणि जेवायला काय आहे ते विचारलं.