कॉयचा नारिंगी कॅन

गेलं वर्षभर डेल्मरचा सगळा जीव एका रिकाम्या ब्लीचच्या कॅनमध्ये अडकला होता.

कॅन त्याचा नव्हता. त्याच्या धाकट्या भावाचा, कॉयचा होता. भडक नारिंगी, मधोमध पांढरा पट्टा. रंगवायला बसला तेव्हा कॉयने कॅनपेक्षा जास्त रंग कुत्र्याला फासला होता, आणि ते कुत्रं पुढे महिनाभर नारिंगी कान घेऊन गावभर फिरलं.

बीव्हर म्हणजे झाडं कुरतडून पाण्याला बांध घालणारं, पाण्यातच घर करणारं जनावर; रात्री होडीतून ते मारायला जाणाऱ्या प्रत्येकाकडे असा एक कॅन असतो. बाणाला दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला कॅन. बाण लागला की बीव्हर बुडी मारतो, दोरी सुटत जाते आणि कॅन पाण्यावर पळायला लागतो. मग होडी त्याच्या मागे. कॅन थांबला की मोटर धरणारा विचारतो, "कुणाचा?" ज्याचा असेल त्याने "माझा" म्हणायचं आणि दोरी ओढायची. दुसऱ्या कुणी त्या दोरीला बोटही लावायचं नाही. कुणी कुणाची शिकार ओढली यावरून पूर्वी डोकी फुटली होती, म्हणून हा नियम. दुसरा नियम असा की दोरी लागलेलं जनावर रात्रभर पाण्यात टाकून कुणी घरी जायचं नाही.

कॉयने त्यात स्वतःची अक्कल चालवली होती. त्याचे दोन कॅन पाण्यातल्या झुडपांत हरवले, तेव्हा तिसऱ्याला त्याने स्वतः शिवलेला एक जाड कापडी पट्टा लावला आणि पट्ट्याचं टोक कमरेच्या बेल्टला अडकवलं.

"अरे गाढवा, एखादा दांडगा लागला तर तोच तुला ओढून नेईल," ओडेल म्हणाला होता. ओडेल त्यांच्यात वयाने मोठा, होडी त्याची, मोटरही तोच धरायचा.

"नेऊ दे की. त्याच्या घरी पाहुणचार घेईन," कॉय म्हणाला होता.

मग गेल्या फेब्रुवारीत, बायकोशी कडाक्याचं भांडण करून, कॉय एकटाच छोटी होडी घेऊन म्हाताऱ्या ग्रिग्जबीच्या पाण्यात बुडालेल्या जंगलात गेला. सकाळी होडी उलटी सापडली. कॉय सापडला नाही. शेरीफची माणसं आली, पाणबुडे आले, गळ टाकून तळ खरवडून काढला. धनुष्य नाही, बूट नाही आणि कॅनही नाही.

डेल्मरने तिथेच, चिखलात उभं राहून, स्वतःची समजूत घालून टाकली. कॅन बुडत नाही. कॅन कॉयच्या बेल्टला होता. तळ्यावर कॅन नाही, म्हणजे तळ्यात कॉय नाही. झालं! पोरगं पळालं. पूर्वी नव्हतं का पळालं? तेव्हाही असंच भांडून टेक्ससला तेलविहिरींवर गेला होता, कित्येक महिने ना फोन ना निरोप, आणि एक दिवस डोक्यावर नवी हॅट घालून दारात उभा, "जेवायला काय आहे?" म्हणत.

समजूत पक्की होती, पण झोप काही येत नव्हती. कॉयला दातांच्या फटीतून शीळ घालायची सवय होती. ती शीळ डेल्मरला पंपाच्या आवाजात ऐकू यायची, किटलीत ऐकू यायची. नारिंगी रंग कुठेही दिसला की छातीत धस्स व्हायचं. ऑक्टोबरात लोकांच्या पायऱ्यांवर भोपळे मांडले गेले, तेव्हा तो गावातून मान खाली घालून गाडी चालवायचा. ग्रिग्जबीच्या जंगलाकडे तर त्याने वर्षभर पाऊल टाकलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात कॉयची बायको, लॅनेट, त्याच्या घरी आली. कोटही न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली.

"रविवारी चर्चमध्ये कॉयसाठी प्रार्थना ठेवलीय. आईच्या थडग्याशेजारी त्याच्या नावाचा दगड बसवायचा. तू येणार आहेस."

"कसला दगड? दगडाखाली काय घालणार, त्याची हॅट?"

"हॅट तर हॅट. मला कुठेतरी फुलं ठेवायला जागा पाहिजे, डेल्मर."

"तो परत येईल तेव्हा त्याला काय दाखवशील? हे बघ, तुझं थडगं, शेवाळ छान धरलंय?"

लॅनेट हसली नाही. "तुला काय वाटतं, मला तो मेलेला हवाय? मी रोज रात्री दाराला कडी न लावता झोपते. वर्ष झालं. मी ना विधवा ना सवाष्ण. लोक मला बघून विषय बदलतात. मला एक काहीतरी होऊन जाऊ दे."

"कॅन दाखव," डेल्मर ओरडला. "कॅन दाखव मला, मग काय कोरायचं ते कोर!"

ती निघून गेली. डेल्मरला स्वतःच्या आवाजाची लाज वाटली, आणि त्या लाजेतूनच त्याला ती कल्पना सुचली. ग्रिग्जबीचं जंगल बीव्हरांनी बंधारा घालून बुडवलेलं होतं. म्हाताऱ्याची ओकची झाडं पाण्यात उभ्या उभ्या मरत होती. बंधारा फोडला, बीव्हर मारले, तर पाणी उतरेल. रिकामा तळ लॅनेटला दाखवायचा. बघ, कुठे आहे? मग ती दगडाचं नाव काढणार नाही.

म्हाताऱ्या ग्रिग्जबीला त्याने फोन केला. "तुम्ही हो म्हणत असाल तर शनिवारी येतो."

"वर्षभर मी तुला विचारलं नाही, कारण मला तोंड नव्हतं," ग्रिग्जबी म्हणाला. "ये बाबा."

शनिवारी दिवस मावळायच्या आत ते तिघे बंधाऱ्यावर होते: डेल्मर, ओडेल आणि जेसप, जो कॉयचा शाळेपासूनचा दोस्त आणि तोंडाने चालता भोंगा. आकड्यांनी ओढून त्यांनी बंधाऱ्यात माणूस मावेल एवढं भगदाड पाडलं. चिखल आणि फांद्यांबरोबर कुंपणाचा खांब निघाला, गाडीच्या चाकाची थाळी निघाली, एक पिंप निघालं.

"यांना काही वर्ज्य नाही," जेसप म्हणाला. "माझी सासू इथे तासभर उभी राहिली तर तिलाही लिंपून टाकतील."

"तुझ्यावर एवढा उपकार ते कशाला करतील?" ओडेल म्हणाला.

डेल्मरने ती चाकाची थाळी हातात घेऊन पाहिली आणि चटकन टाकून दिली. त्या वेळी त्याच्या मनात काही आलं असेल, तर ते त्याने तिथेच दाबून टाकलं.

पाणी धो-धो वाहू लागलं. ते तिघे होडीत बसले, पुढचे दिवे बंद केले आणि भगदाडापासून थोडं मागे, मेलेल्या ओकांमध्ये थांबले. वाहत्या पाण्याचा आवाज बीव्हरला सहन होत नाही. कानावर पडला की दुरुस्तीला येतोच. त्याला शोधत फिरायची गरज नसते, तो आपल्या पायांनी येतो.

थंडी हाडात शिरत होती. ओडेलने थर्मासमधली कॉफी ओतली, जेसपने मक्याच्या ब्रेडचे तुकडे वाटले. डाव्या हाताला, खोल पाण्यात, बीव्हरांचं घर होतं. काटक्यांचा आणि चिखलाचा मोठा ढीग, आणि त्याच्या शेंड्यातून वाफ निघत होती. आत जनावरं श्वास घेत होती म्हणून. डेल्मरला हे ठाऊक होतं, लहानपणापासून ठाऊक होतं. तरी त्याने होडीत जागा बदलली आणि तिकडे पाठ केली.

मग आतून आवाज यायला लागला. बीव्हर घरात एकमेकांशी कुजबुजतात, बारीक, कण्हल्यासारखं. भिंतीपलीकडच्या खोलीत माणसं हळू आवाजात बोलत असावीत असं वाटतं, शब्द मात्र लागत नाहीत.

"हा आवाज मला कधीच आवडला नाही," जेसप म्हणाला. त्याच्या तोंडून विनोद निघाला नाही हे पाहून डेल्मरला जास्तच भीती वाटली.

"गप बस. आला," ओडेल पुटपुटला.

दिवा लागला. भगदाडाजवळ दोन लाल डोळे चमकले, तोंडात फांदी. जेसपचं धनुष्य वाजलं. शेपटी पाण्यावर फाडकन आपटली आणि जेसपचा हिरवा कॅन पळत सुटला. त्यांनी त्याला ओकांमध्ये गाठला.

"कुणाचा?" ओडेलने विचारलं.

"माझा," जेसप म्हणाला आणि दोरी ओढू लागला. जनावर दांडगं होतं, दोघांनी मिळून आत घेतलं. सगळं नेहमीसारखं झालं आणि डेल्मरला बरं वाटलं. मागे झाडांच्या बुंध्यांवर ओली रेघ उतरत चालली होती. पाणी कमी होत होतं. हा बघ ना तळ, लॅनेट. कुठे काय आहे?

दुसरा बीव्हर बराच वेळ आला नाही. आला तो घराच्या बाजूने, पाण्यात नुसतं नाक वर काढून. डेल्मरने धनुष्य ताणलं आणि सोडलं. बाण बसल्याचं त्याच्या हाताला कळलं. बीव्हर बुडाला, पण जंगलाकडे नाही, सरळ घराकडे वळला. डेल्मरचा निळा कॅन घराच्या कडेला जाऊन आपटला आणि तिथेच अडकून डुलत राहिला.

"आत शिरला बेटा," ओडेल म्हणाला. होडी त्याने ढिगाला लावली. पाणी उतरल्यामुळे घराचं एक दार, एरवी पाण्याखाली असणारं, आता अर्धं उघडं पडलं होतं. त्याच्या काळोखातून कुजबुज स्पष्ट येत होती. "कुणाचा?"

"माझा."

डेल्मरने दोरी ओढली. ती ताठ झाली. त्याने पाय होडीच्या काठाला रोवले आणि पुन्हा जोर लावला. आतल्या फांद्या करकरल्या, चिखलाचा एक थर धपकन पाण्यात पडला. कुजबुज एकदम थांबली.

आणि त्या दारातून, हळूच, गडबड न करता, एक कॅन बाहेर आला.

चिखलाने माखला होता, एका बाजूने कुरतडलेला होता. दिव्याच्या उजेडात पाण्याने त्याला धुतलं. नारिंगी. मधोमध पांढरा पट्टा.

जेसपने टोपी काढली आणि काढल्यावर तिचं काय करायचं ते त्याला कळेना.

डेल्मरच्या हातून त्याची स्वतःची दोरी निसटली. त्याला सगळं एकदम समजलं, आणि आपल्याला ते मघाशीच समजलं होतं हेही समजलं. कॅन बुडत नाही खरं. पण कुंपणाचा खांब, चाकाची थाळी, पिंप, मिळेल ते ओढून नेऊन बंधाऱ्यात नि घरात लिंपणारे बीव्हर कॅन सोडतील काय? तो लहानपणापासून यांच्या मागे हिंडला होता. गावातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने हे सांगितलं असतं. त्याने मुद्दामच कुणाला विचारलं नव्हतं.

कॅन लांब जात नव्हता. दारासमोर जागच्या जागी फिरत होता. पट्टा आत गेलेला होता, कॉयने स्वतः शिवलेला पट्टा.

"डेल्मर," ओडेल म्हणाला, "आपण मागे जाऊ. शेरीफला फोन करू. सकाळी उजेडात ते लोक..."

"रात्रभर पाण्यात टाकून?"

ओडेलने होडी जागेवरच धरून ठेवली.

"विचार," डेल्मर म्हणाला.

"काय विचारू?"

"नेहमी विचारतोस ते. त्याशिवाय मला हात लावता येत नाही."

"अरे, वेडा आहेस का? तो तुझा भाऊ..."

"विचार ना, ओडेल!"

ओडेलने मोटरवरचा हात काढला. घसा खाकरला. वर्षानुवर्षं रोज विचारलेला शब्द त्याला सापडायला वेळ लागला.

"कुणाचा?"

"आमचा," डेल्मर म्हणाला.

त्याने हातमोजे काढले, वाकून कॅन उचलला आणि पट्टा धरला. हातभर सैल आला. मग थांबला. पलीकडे वजन होतं. ओढ नव्हती, झटका नव्हता, नुसतं वजन. डेल्मरने पुढे ओढलं नाही. तो होडीच्या काठावर कपाळ टेकून हुंदके देऊन रडला, आणि जेसप त्याच्या पाठीवर हात ठेवून उगाच म्हणत राहिला, "हो रे, हो रे गड्या."

बऱ्याच वेळाने त्याने एका हाताने खिशातून फोन काढला. पहिल्याच घंटीला लॅनेटने उचलला. तीही जागीच होती.

"डेल्मर?"

त्याने सांगायला म्हणून पुष्कळ काही जुळवलं होतं, त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"लॅनेट, कॅन सापडला."

बंधाऱ्याकडे, अंधारात, कुठलातरी बीव्हर भगदाड बुजवायला पुन्हा फांद्या ओढू लागला होता, आणि पाण्याचा आवाज थोडा थोडा कमी होत होता.

"हातात आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"सोडू नकोस. मी येते."

तिकडे दार उघडल्याचा आवाज आला. कडी काढावी लागली नाही. डेल्मरने ढिगावर उतरून पट्टा मनगटाभोवती एक वेढा देऊन घेतला आणि जेसपला सांगितलं, जा, होडी घेऊन भगदाड मोकळं कर, पाणी चढू देऊ नकोस, ती येईपर्यंत.