लिंबाने घालवलेला रंग

देवीच्या देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. देवळात उतरलेल्या महाराजांनी विहिरीच्या गुलाबी पाण्याचा काचेचा पेला उंच धरला.

"बघा, आईचं रगत! गाव पापात बुडालं म्हणून आई रडायलीय!"

मग त्यांनी लिंबू कापलं, पेल्यात पिळलं, ओठातल्या ओठात पुटपुटले. बघता बघता रंग गेला. बाया हुंदके देऊन पाया पडल्या.

"कोप शांत झाला! आता हे तीर्थ प्या. विहिरीला हात लावू नका."

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्या अजून यायच्या होत्या, नदी मात्र आधीच आटली होती. पेलाभर तीर्थ गावाला पुरणार कसं? महाराजांचे चेले नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी कढईत ओतत आणि वर चमचाभर तीर्थ शिंपडत. ते पाणी वाटीवाटीने घरोघर गेलं.

माझ्या बायकोला, नागुबाईला, ती वाटी मीच पाजली. तिसऱ्या दिवशी जुलाब-उलट्यांनी ती गेली. महाराज म्हणाले, "बाईची श्रद्धा कमी पडली." त्या माणसाच्या मी तेव्हाही पाया पडलो. आज आठवलं की स्वतःचीच किळस येते.

आठच दिवसांनी माझी सिंधू जुलाबाने आडवी झाली. ती नववीत होती.

माझी आई म्हणाली, "पंढरी, बसलास काय? तीर्थ आण की!"

मी तांब्या घेऊन निघालो. देवळात तांब्या भरून घेतला. वळलो तर अण्णाराव मास्तर दहावीचा वर्ग घेऊन उभे. तो आठवडाभर ते वर्गात साथीचे रोग शिकवत होते.

महाराज हसले. "काय मास्तर, साळा सुटली का?"

"आज शाळा इथंच भरली. महाराज, लिंबू न पिळता रंग घालवून दाखवा."

"आईला लिंबू लागतं. तुला काय कळतंय रं?"

"बरं. लिंबू इथं लिंबं विकणाऱ्या गंगम्माच्या टोपलीतलं घेऊ. मंत्र आमचा रामकिशन म्हणेल."

पोरांनी विहिरीचं गुलाबी पाणी पेल्यात आणलं होतं; रामकिशनने तो पेला पुढे घेतला आणि "बे एके बे, बे दुणे चार" म्हणत लिंबू पिळलं. पाढा संपायच्या आत रंग गेला.

गंगम्मा ओरडली, "अगं बया! पाढ्यानं देवी शांत झाली की!" लोक हसले. महाराजांचं तोंड उतरलं.

मास्तर म्हणाले, "हे रक्त नाही. दवाखान्याचा माणूस विहिरीत अधूनमधून लाल औषध टाकतो, जंतू मारायला. लिंबाने ते औषधच मरतं. वर तुम्हाला झिऱ्याचं पाणी पाजतात. झिऱ्याच्या वरच्या अंगाला सगळं गाव परसाकडे बसतं. तेच तुमच्या पोटात जातं."

त्या माणसाला औषधाची पुडी विहिरीत टाकताना मी पाहिलं होतं. पण सगळे रक्त म्हणाले, म्हणून मीही रक्त म्हणालो.

महाराज खेकसले, "तुझ्या घरात देव न्हाई, मास्तर!"

"न्हाई. पण पाणी उकळून पितो."

मी तांब्या तिथेच उलटा केला. "मास्तर, माझी सिंधू जुलाबानं आडवी झालीय!"

मास्तर माझ्याबरोबर धावत घरी आले. चुलीवर विहिरीचं पाणी उकळलं, गार केलं. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ घातलं. घोट घोट पाजत तिला बैलगाडीत घातलं आणि शिरूर अनंतपाळचा दवाखाना गाठला.

सिंधू वाचली. महाराज दुसऱ्या दिवशी दिसले नाहीत, दुसरं गाव धरलं असेल. तिथेही कोणीतरी वाटी हातात घेऊन उभा असेल. त्याच्यासाठी हे लिहिलं. बाबा, ती वाटी ओतून दे. पाणी उकळ, हात साबणाने धू, आणि जुलाब लागलेल्या माणसाला मीठ-साखरेचं पाणी पाजत दवाखान्यात ने. देवळात नंतर जा.