पट्टीखालचा तळहात

पाथरीच्या बाजारात रामलिंगआप्पांचं किराणा दुकान. गिऱ्हाइकाला मूठभर शेंगदाणे जास्त देतील, पण नेमात तिळभर सूट नाही. आंघोळ झाली की ज्यानं त्यानं आपल्या गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि त्याआधी घरात कुणी चहाचा घोटही घ्यायचा नाही. काळ्या दगडावरची रेघच ती.

पुण्याहून परतलेला त्यांचा मुलगा शिवकांत मात्र पूजा टाळू लागला. भर उन्हाळ्यात अंगात लांब बाह्यांचा सदरा. शेवटी आप्पांनीच त्याची डावी बाही वर सारली. हातावर काळ्या पडलेल्या, चिघळलेल्या जखमा. पोरगा नशेची पावडर सुईनं टोचून घेत होता आणि त्या पावडरीत कसली तरी भेसळ होती. आप्पांनी आधी तोंडाला येईल ते सुनावलं आणि मग रडत रडत जखमांत चिमटीनं विभूती भरली. जीव तुटला की माणसाला दुसरं काय सुचतं?

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना आधी ती विभूती धुवावी लागली. "आप्पा, जखमेत राख भरतात का?" असं म्हणत त्यांनी मेलेली कातडी काढली आणि तळहात झाकून पार बोटांपर्यंत पट्टी बांधली. "आता पाथरीतच रोज पट्टी बदलून घ्या. नशा सुटायच्या गोळ्याही चुकवू नका. मधेच सोडलं तर हात कापावा लागेल."

थोडे दिवस बरे गेले. मग एका सकाळी शिवकांत पिशवी भरून दारात उभा.

"कुठं निघालास रे?" आईनं, गंगम्मानं विचारलं.

"पुण्याला. अव्वा, तळहात बांधलेला हाय, लिंग कशावर घेऊ? पूजा न्हाई अन् चोरून खायलोय. आप्पाच्या घरात लय लाज वाटायलीय."

आप्पांची पूजा नुकतीच आटोपली होती. आपलं लिंग दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, हे त्यांनीच पोराला लहानपणी शिकवलेलं. बसल्या जागेवरून त्यांनी हाक मारली.

"हिकडं ये. बस." त्यांनी स्वतःचा डावा तळहात पुढं केला. "ह्याच्यावर ठिव."

"आप्पा, दुसऱ्याच्या हातावर चालतंय व्हय?"

"न्हाई चालत," आप्पा म्हणाले. "मी दुसरा हाय का?"

शिवकांतनं उजव्या हातानं गळ्यातलं लिंग काढून त्या तळहातावर ठेवलं. बेलाचं पान वाहीपर्यंत आप्पांनी हात हलू दिला नाही. मग पोराला चहा पाजला आणि पायात चपला सरकवल्या.

"चल, पट्टी बदलायचीय."