मालियानने मला खोटं पाडलं

मी बोलतेय, जमीन मोजणारी लोखंडी साखळी. लांबी सहासष्ट फूट, कड्या शंभर. आयुष्यभर मोजणीदार हॅल्डेनसाहेबांच्या माणसांनी मला चिखलातून ओढलं. त्यात कड्या झिजल्या आणि मी वीतभर लांबले. साहेबांना पत्ताच नव्हता!

त्या वर्षी कॅनडातल्या ब्रास दोर सरोवराकाठी मिकमॉ या तिथल्या मूळ रहिवाशांच्या सामाईक जमिनीचे तुकडे पाडून ते एकेकाच्या नावावर करायचा हुकूम निघाला. आधी शेजारच्या गोऱ्या कॅलमची हद्द ठरायची होती. त्याच्या कुंपणापासून चाळीस साखळ्या त्याच्या, पुढचं सगळं यांचं. मी चाळीस वेळा पसरले, दर वेळी वीतभर जास्त, आणि ओढ्याकाठची काळ्या अ‍ॅशची अकरा झाडं कॅलमकडे गेली.

त्याच झाडांची खोडं कुटून सुटणाऱ्या पट्ट्यांच्या मालियान टोपल्या विणायची. म्हातारी, पण नजर अशी की बोटभर फरक सुटायचा नाही. व्यापाऱ्याने दिलेल्या फूटपट्टीने तिने अशा पट्ट्या जोडून सहासष्ट फुटांची एक लांब पट्टी मापली आणि माझ्याशेजारी अंथरली. मी वीतभर पुढे!

"अहो साहेब, तुमची साखळी आमच्याकडचं खाऊन सुटली वाटतं!"

बायका खो खो हसल्या. साहेब लालबुंद झाले.

"मोजणी झाली, बाई. व्हा बाजूला."

"नाही होत जा!" म्हणत ती माझ्यावरच फतकल मारून बसली आणि टोपली विणायला लागली. पाठोपाठ सगळ्या बसल्या. मला ओढणारे घामाघूम झाले. अस्सा आनंद झाला मला! शेवटी साहेबांनी स्वतः पट्टी लावून पाहिली, माझी एक कडी काढली आणि पुन्हा मोजलं. अकराही झाडं परत आली.

"आता या जमिनीवर कुणाचं नाव लिहू?" साहेबांनी विचारलं.

"सापातिसचं लिहा," मालियान म्हणाली.

"माझं कशाला? मातलेनला पाळणा विणायचाय, तिचं लिहा," म्हातारा सापातिस म्हणाला. मातलेन मालियानची लेक. तिने तिसऱ्याच बाईकडे बोट दाखवलं. या लोकांची रीतच तशी, ज्याला गरज त्याचं झाड.

साहेब वैतागले. "नाव नसेल तर जमीन सरकारजमा होईल."

मालियान पुढे आली. "असं होय? मग घ्या लिहून."

तिने सगळ्या वस्तीला रांगेत उभं केलं. एकाच जमिनीवर एकशे चौदा नावं झाली. रकाना भरला, समास भरला, साहेबांचा हात भरून आला.

"संपली एकदाची?"

"थांबा की! मातलेनच्या पोटातलं राहिलं."

"त्याचं नाव?"

"जन्मल्यावर सांगू. तेवढी जागा सोडा."

साहेबांनी मुकाट्याने एक ओळ मोकळी सोडली.

मला ते तिथेच टाकून गेले. आता मी मालियानच्या चुलीवर लटकते, माझ्यावर वाम मासे वाळतात. मला खुशाल वितळवा, बाबांनो, पण पुढे जन्मणाऱ्या सगळ्यांची ती मोकळी ओळ कुणाला मोजू देऊ नका.