लाइन घेतली

मशीनच्या पडद्यावरची रेघ एका जागी टुणकन उडाली आणि जेबा ओरडलीच, "अब्बू, सापडला! एकशे बेचाळीस मीटर!"

नववीची परीक्षा संपल्या संपल्या ती नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात बापासोबत आली होती, ती केबलमधला बिघाड शोधणाऱ्या या मशीनपायीच. केबलमध्ये विजेचा बारीकसा ठोका सोडायचा. केबल खराब असेल तिथून तो माघारी फिरतो, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. विहिरीत हाक मारल्यासारखं!

"लय हुशार झाली वं तू," म्हणत तिच्या बापानं, बशीरभाईंनी टेप लावला, नेमकं तिथंच खणलं. खाली दोन केबली निघाल्या, अंगाला अंग लागून. एक बिघडलेली. दुसरी यंत्रमागांची, सकाळपासून बंद. पण तिचा जुना जोड उकलून उघडं तांबं दिसत होतं.

"कुलदीपले फोन लाव. बाजूची लाइन घे म्हणा, म्हणजे ताब्यात. आपलं होईपर्यंत बंदच राहू दे."

कुलदीप स्विचरूममध्ये बसायचा, अकोल्याहून नवाच आलेला. "कुलदीपभाऊ, बाजूची लाइन घ्या!" जेबानं ऐटीत तेवढंच सांगितलं. जरा वेळानं उत्तर आलं, "घेतली बाप्पा!"

"अब्बू, घेतली!"

लेकीच्या शब्दावर बशीरभाई टेस्टर न लावताच खड्ड्यात उतरले. दोन केबलींच्या फटीत त्यांनी हात घातला.

तेवढ्यात भिंतीपलीकडे खडखड सुरू झाली. एक माग, मग सगळेच. लाइन बंद, तर माग कशावर चालून राहिले?

"अब्बू, हलू नका! चालू हाय ते!"

बशीरभाई होते तसेच थिजले. मनगट आणि तांबं, मधे बोटभर हवा. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला, पण पुसणार कसा?

"कुलदीपभाऊ, बंद करा! बंद!" ती फोनमध्ये ओरडली.

"अवं, आताच तं घ्या म्हटलं! आमच्या अकोल्यात लाइन घेतली म्हणजे चालूच केली ना!"

"बंद!" तिचा आवाज फाटला.

माग थांबले. बशीरभाईंनी हात बाहेर काढला, वर येऊन मातीत बसले.

"जा बेटा, स्विचले कुलूप लावून किल्ली घेऊन ये."

"तुमी पण चला."

"मी बसतो ना इथं."

"नाही. चला!"

तिनं त्यांचा चिखलाचा हात धरला. स्विचरूम येईपर्यंत तिनं तो सोडला नाही.