बाळंतिणीच्या खोलीतली भिंत

राखी बाळंतपणाला किन्हीराजा गावी माहेरी आली, तेव्हा तिच्या मायनं, सीताबाईनं, मधल्या खोलीला चुना मारून ठेवला होता. काय तो चुना, पाहत राहावं! पण भिंतीपलीकडे न्हाणी, आणि न्हाणीचा पाइप आतल्या आत झिरपत होता. राखीला पोरगी झाली, दोघी घरी आल्या, तोवर चुन्यातून काळी बुरशी कमरेइतकी वर चढलेली. त्यात बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून खिडकीत पोतं कोंबलेलं, आणि आत ओव्याची धुरी. तान्ही पोर घरघरायची, तर सीताबाईला वाटायचं नजर लागली. मग मीठ-मिरच्या ओवाळून त्याच कोंदट खोलीत शेगडीवर. घ्या आता!

दूध पितानाही पोरीला दम लागायला लागला, तशी राखीनं कोणालाही न विचारता तालुक्याला, मालेगावचा दवाखाना गाठला. माय मागोमाग होतीच.

"घरात ओल आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काई नाई बाई! पक्कं सिमेटाचं घर हाय आमचं," सीताबाईनं ठोकून दिलं.

राखीच्या अंगाचा तिळपापड झाला. "माय, खोटं काहून बोलून राह्यली व? भिंत काळीठिक्कर पडली, बाई. सारी बुरशी."

डॉक्टरीणबाईंनी पोरीला वाफ दिली, तिची छाती मोकळी झाल्यावरच सोडलं. "पण त्या खोलीत परत नेलंत तर पुन्हा हेच होणार. ओल बंद करा, बुरशी लागलेला गिलावा काढून टाका, हवा खेळू द्या. वरून चुना मारून काही होत नाही."

घरी येताच सीताबाईनं खोलीचं दार उघडलं. "चाल आत. वारं लागीन."

"लागू दे. मी त्या खोलीत पाय ठेवत नाई." राखीनं ओसरीवर खाट ओढली आणि पोरीला घेऊन बसली. गवंडी लालसिंगला फोनही तिनंच लावला.

न्हाणीची फरशी फोडून पाइप बदलायला लालसिंग घण घेऊन आला, तर राखीचे वडील गुलाबराव न्हाणीच्या दारात आडवे. न्हाणी त्यांनी हौसेनं बांधलेली, शहरातल्यासारखी. "बारसं होऊन जाऊ दे. पाव्हण्याइसमोर फुटकी फरशी दाखवू काय?"

"बारसं पोरीचं हाय बाबा, फरशीचं नाई." राखीला रडू आलं होतं, पण तिनं ते गिळलं. "सरका. नाई तर पोरीले घेऊन आताच सासरी जातो. मंग पाव्हणे बोलवा आन भिंतीचं बारसं करा."

गुलाबराव सरकले. चेहरा एवढासा झाला होता, पण सरकले. लालसिंगनं दोन फरशा उखडल्या आणि खालून पाणी भळाभळा वर आलं. सीताबाईनं ते पाहिलं आणि खोलीच्या खिडकीतलं पोतं स्वतःच ओढून काढलं.

पाइप बदलून झाला. मग लालसिंगनं तोंडाला फडकं बांधून भिंतीचा गिलावा पार विटांपर्यंत खरवडला. सीताबाई घमेलं भरभरून बाहेर टाकत होती. शेजारची ज्योत्स्नाकाकू अंगणात येऊन उभी राहिली.

"सव्वा मयना भरला नाई आन बाळंतीण ओसरीत? पाप लागीन, सीताबाई."

सीताबाईनं घमेलं दाणकन खाली ठेवलं. "लागीन तर मले लागीन! तिकडे पाय, पोर कशी झोपली. आयकू येते का तुले घरघर? नाई न? मंग एक तं घमेलं उचल, नाई तर आपल्या घरी जाय!"