न चुकणारं घड्याळ

"सहा वाजले!"

काका इतक्या ठणठणीत आवाजात म्हणाले, की मोठ्या सिस्टरांच्या हातातला थर्मामीटर पडता पडता वाचला. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डच्या दाराशी स्टूल टाकून बसणारे हे काका. भेटायची वेळ चार ते सहा. सहाला नातेवाइकांना बाहेर काढायचं आणि दार लावायचं, एवढंच त्यांचं काम. पण सहाला सहा वाजल्याचं त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलंच नव्हतं.

"काय हो काका, तब्येत बरी आहे ना?" सिस्टर म्हणाल्या.

काकांनी मनगट पुढे केलं. "लेकीनं घेतलंय. पहिल्या पगारातून. उजेडावर चालतं! सेल नको, चावी नको. रात्री खिडकीत ठेवलं की कुठल्यातरी लांबच्या टॉवरवरून हवेतनं वेळ येते, आणि काटे आपले आपण जागेवर जाऊन बसतात."

"म्हणजे 'माझं घड्याळ जरा मागे आहे सिस्टर', हे संपलं म्हणायचं!"

वॉर्डबॉय फिदीफिदी हसले. काकाही हसले. त्यांचं जुनं घड्याळ म्हणजे अख्ख्या दवाखान्याचा विनोद होता. चावीचं, लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. त्यात बघून काका रोज म्हणायचे, "अजून पाच मिनिटं आहेत." म्हणून पाठीमागे सगळे त्यांना 'पाच मिनिटं' म्हणायचे. घरीसुद्धा तेच. लेक म्हणायची, "बाबा, तुमच्या घड्याळावर विसंबून मी शाळेत किती वेळा अंगठे धरलेत, माहितीय?"

आता खरी गोष्ट सांगायची तर ते घड्याळ मुळीच मागे पडत नव्हतं. बिचारं चावी दिली की शहाण्यासारखं चालायचं. दाराशी बसण्याआधी काका स्वतःच्या हातानं रोज त्याचा काटा मागे सारायचे. का, ते त्यांनी स्वतःलाही कधी नीट सांगितलं नव्हतं. सहाच्या ठोक्याला कुणीतरी धापा टाकत जिना चढत असायचंच, आणि त्याच्या तोंडावर दार लावायला हात उचलत नसे. कुणी रागावलं तर घड्याळाकडे बोट दाखवता यायचं. घड्याळाला कोण काय बोलणार?

पण आज नवं घड्याळ होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या अंगावर एक वस्तू अशी होती, की जिला कुणी नावं ठेवू शकत नव्हतं. छाती फुगणारच! त्याच भरात त्यांनी दार लावलं.

लावलं, आणि जिन्यावर पावलं वाजली.

शिंपी होता. गणवेशांच्या कारखान्यात कामाला, सुटला की बस पकडून थेट इकडे. मोजायची टेप गळ्यातच राहिलेली. त्याची बायको दीड महिन्यापासून आत, अगदी टोकाच्या खाटेवर. दाराच्या काचेतून तो आत बघत राहिला. तिथून ती खाट दिसत नाही, हे काकांना माहीत होतं.

"लागलं का दार?" शिंपी म्हणाला.

"सहा वाजून गेले हो," काका म्हणाले. आवाज मघासारखा ठणठणीत नव्हता.

"बरं बरं. उद्या येतो." आणि तो जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं शेवटचे दोन तास बुडवले आणि वेळेत आला. पण लगेचच बाहेर येऊन स्टुलाशेजारी भिंतीला टेकला.

"काल शेजारणीकडून केस विंचरून घेतले होते म्हणे तिनं. वाट बघत बसली होती. आज डोळेच उघडत नाही."

काकांनी उठून स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"तुमचं काय चुकलं त्यात?" शिंपी म्हणाला. "वेळ म्हणजे वेळ."

यापेक्षा त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी जेवण झाल्यावर काका नव्या घड्याळाची बटणं दाबत बसले. जुनं घालायची सोय नव्हती. लेकीनं ते "आता याला पेन्शन" म्हणून कपाटात ठेवलं होतं, आणि वॉर्डभर नव्याचा डंका काकांनी स्वतःच पिटला होता. बऱ्याच खटपटीनं काटे एकदाचे दहा मिनिटं मागे गेले. काका समाधानानं झोपले. सकाळी लेक खिडकीतलं घड्याळ घेऊन नाचत आली.

"बाबा, गंमत बघा! रात्री तुमच्याकडून काहीतरी दाबलं गेलं होतं, दहा मिनिटं मागे होतं. मी खिडकीत ठेवलं, तर सकाळी एकदम बरोबर! आहे की नाही हुशार?"

"फारच," काका म्हणाले.

"आता तुम्हाला कुणी हसायचं नाही. कळलं?"

काकांनी मान डोलावली. असल्या लेकीला काय सांगणार?

संध्याकाळी नेमके ऑफिसातले साहेब फेरीवर आले होते. सहा वाजले, माणसं बाहेर पडली. स्प्रिंगचं दार आपोआप मिटायला निघालं, तसा काकांनी हात लावून ते धरलं. दार धरून असतानाही दिसावी म्हणून काका तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत. साहेबांना दिसली.

"किती झाले?"

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. खोटं बोलायला जागाच नव्हती.

"सहा वाजून चार मिनिटं."

"मग?"

"माणूस जिन्यात आहे. पावलं ऐकू येतायत."

"तुमचं घड्याळ चुकत नाही म्हणे!"

"घड्याळ नाही चुकत, साहेब," काका म्हणाले. स्प्रिंग जड होती; त्यांनी पाय रोवले. "दार मी धरलंय."

शिंपी वर आला, कुणाकडेही न बघता त्यांच्या हाताखालून आत गेला. मोठ्या सिस्टर चष्मा पुसायला लागल्या. साहेबांनी वहीत काहीतरी टिपलं. असले साहेब तेव्हा बोलत नसतात.

पुढच्या सोमवारी काकांना तळघरात पाठवलं. चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या, वर पाठवायच्या. वरच्या दाराला विजेचं कुलूप बसलं. सहा वाजले की ते आपोआप 'खट्' करून मिटतं.

एकदा शिंपी विचारत विचारत तळघरात आला. गळ्यात टेप नव्हती. चादरींच्या गठ्ठ्यावर टेकला, उगाच एका चादरीची शिवण अंगठ्यानं चाचपत राहिला.

"त्या दिवशी तिनं डोळे उघडले होते, काका. घटकाभर," एवढंच म्हणाला आणि गेला.

तळघराला खिडकी नाही. एक ट्यूब, तीही दिवसभर फडफडते. काही आठवड्यांनी उजेडाविना घड्याळाचा सेकंदकाटा थकल्यासारखा थांबून थांबून उड्या मारायला लागला. काकांना तो बघून आपले गुडघे आठवले. लेक रोज विचारायची, "बाबा, बरोबर चालतंय ना?" आणि ते म्हणायचे, "एकदम." दारावरचं काम गेल्याचं त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं.

म्हणून संध्याकाळच्या चहाला ते वर येतात. दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्या वेळी तिरपं ऊन असतं. विटलेल्या कपड्यांतले काका तिथे बसतात, आणि तबकडी आतल्या बाजूला म्हणून हात उताणा करून उन्हात धरतात. डोळे मिटलेले.

काल असेच बसले असताना तळहातावर काहीतरी गार पडलं. नाणं होतं. टाकणारी बाई पिशवी सांभाळत पुढे गेलीसुद्धा, वर वॉर्डकडे बघत, घाईघाईनं.

"अहो ताई!" काकांनी हाक मारली.

ती वळली. "असू द्या हो आजोबा. सहा वाजले का?"

काकांनी घड्याळ बघितलं. 'पाच' अगदी जिभेवर आलं होतं.

"पळा," ते म्हणाले. "दोनच मिनिटं आहेत."

ती पळाली. जिन्यावर तिच्या चपला वाजत गेल्या, त्या त्यांनी ऐकू येईपर्यंत ऐकल्या. मग नाणं बाजूच्या पायरीवर ठेवलं, आणि मनगट पुन्हा उन्हात धरलं.